खळ्या गेला, आणि आम्हाला सतरा दिवसांनी कळलं

बाकावरचा तिसरा

कुठे लिहावं कळेना म्हणून इथे लिहितोय. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काल दुपारपासून हात जोडलेल्यांची रांग लागलीय. त्यात माझेही दोन हात आहेत, आणि त्याची लाज वाटतेय.

आमचा शाळेतला मित्र गेला. दहावी १९९४. शाळेचं आणि त्याचं नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. आम्ही त्याला खळ्या म्हणायचो. वर्गातल्या मुलींना वर्षभर वाटत होतं की गालाला खळ्या पडतात म्हणून. खळी सोडा, त्याला गालच नव्हते. त्याच्या वडिलांचं शनिवार पेठेत बुक बाइंडिंगचं दुकान होतं आणि शाळेत यायच्या आधी स्टोव्हवर खळ ढवळायचं काम त्याच्याकडे असायचं. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्यामुळे नखांच्या कडा कायम निळसर आणि हाताला आंबूस वास. मराठीच्या बाई दर दोन दिवसांनी "आधी हात धुऊन ये" म्हणायच्या. तो जायचा, धुऊन यायचा, नखं तशीच.

बाकावर आम्ही तिघं. भिंतीकडे एक, मध्ये खळ्या, कडेला मी. तेव्हा जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जाऊन जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची पद्धत होती. माझं भूमितीचं पुस्तक म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठाच होता. खळ्यानं ते नेलं आणि तिसऱ्या दिवशी आणून दिलं. दोऱ्यानं शिवलेलं, पाठीला हिरवं कापड, पुठ्ठ्यावर अबरी, म्हणजे तो रंगीत लहरींचा कागद. पैसे विचारले तर म्हणाला, "वडापाव दे. आणि बाकावर उघडून ठेव." ठेवलं. "मिटतंय का?" नाही म्हटलं. "मग झालं." उघडं ठेवल्यावर आपण होऊन मिटतं ते पुस्तक नीट बांधलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. मी अजून दुकानात नवीन पुस्तक घेताना ते करून बघतो. हल्लीची जवळजवळ सगळी मिटतात.

त्यांच्या दुकानात आत गेलं की उजव्या भिंतीवर, माझ्या तेव्हाच्या डोक्याच्याही वर, एक तपकिरी रेघ होती. पानशेतच्या पुराची. १२ जुलै १९६१ ला पाणी तिथवर आलं होतं. काका सांगायचे की पाणी ओसरल्यावर दुकान उघडायला गेले तर दारच उघडेना, कारण आत कागदाचे गठ्ठे भिजून फुगले होते आणि दाराला आतून रेटत होते. शेवटी दार फोडलं. भिंतीला दर दिवाळीत चुना लागायचा, पण ती रेघ सोडून.

एवढं सगळं आठवतंय आणि गेल्या दोन वर्षांत त्याला एक फोन केला नाही.

झालं असं. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या बॅचचं तिसाव्या वर्षाचं गेट-टुगेदर ठरलं, खडकवासल्याच्या पुढे एका फार्महाउसवर, शनिवारी. खळ्यानं ग्रुपवर लिहिलं, "शनिवार जमत नाही, रविवार करता येईल का?" चाळीस माणसांचं ठरलेलं, कोण बदलणार. मी लिहिलं, "खळ्या, दर शनिवारी काय सत्यनारायण असतो का तुझ्याकडे?" बारा जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यानं अंगठा टाकला, आणि रात्री ग्रुप सोडला. आम्ही म्हटलं, रुसला. येईल.

परवा आईच्या जुन्या पाककृतींची वही बांधून घ्यायची म्हणून दुकानावर गेलो. शटर खाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, कधी उघडतील? तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? तेरावंसुद्धा झालं." वही पिशवीतच होती. तशीच घेऊन ओंकारेश्वरापर्यंत चालत गेलो आणि गाडी दुकानापाशीच राहिली म्हणून परत आलो.

एवढंच आहे. आपल्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल तर लिहा. शनिवार पेठेतला बाइंडरवाला, उंच, चष्मा दोरीला बांधलेला.

मुठाकाठी

भावपूर्ण श्रद्धांजली. मी ओळखत नव्हतो, पण त्या रेघेचं वाचून थांबलो. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातही जिन्याच्या चौथ्या पायरीपाशी तशी खूण होती. वाडा पाडला तेव्हा बिल्डरला म्हटलं तेवढा तुकडा काढून द्या. तो हसला.

तळ्यात मळ्यात

ग्रुप सोडला म्हणजे रुसला, हे आपण किती पटकन ठरवतो! आमच्याही ग्रुपवर एक असाच "रुसलेला" आहे. आता त्याला फोन लावून येते.

आठवी ब

बाकावरच्या तिसऱ्या, मी भिंतीकडचा. :) म्हणजे पहिला. दुबईहून लिहितोय. ग्रुपवर मलाही कालच कळलं.

तू भूकंपाचं लिहिलं नाहीस. मी लिहितो. विसर्जनाची रात्र, १९९३. दहावीचं वर्ष म्हणून घरून परवानगी नव्हती, तरी आम्ही तिघं लक्ष्मी रोडवर विजय टॉकीजच्या चौकात उभे होतो. ढोल, बँड, भोंगे, शेजाऱ्याच्या कानात ओरडावं लागेल असा आवाज. पहाटे चारच्या सुमारास खळ्या एकदम म्हणाला, "खालून काहीतरी सरकलं." आम्ही म्हटलं, तुला झोप आलीय. तो म्हणाला, नाही रे, दुकानात कटिंग मशीन चालू असताना फरशी हलते तसं. आम्ही सकाळपर्यंत त्याची चेष्टा करत होतो. "खळ्या, आता सरकलं का?"

घरी गेलो तर आई दारात. किल्लारीचं कळलं ते रेडिओवर, दुपारी. आकडे तर पुढे कितीतरी दिवस वाढतच गेले.

नंतर चेष्टेची परतफेड म्हणून त्यानं एकदाही "मी सांगत होतो" म्हटलं नाही. शाळेत कपडे गोळा करायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही घरातले जुने शर्ट आणले. हा आठवडाभरानं एक पोतं घेऊन आला. छापखान्यांतून कटिंगला येणाऱ्या कागदाच्या ज्या पट्ट्या उरतात, त्यांतल्या रुंद निवडून त्यानं वह्या शिवल्या होत्या. लांबट, चेकबुकासारख्या. सर म्हणाले, अरे यांत लिहिणार काय? तो म्हणाला, पाढे मावतात.

लोखंडी कपाट

भूकंप ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. पुण्यात बऱ्याच जणांना जाणवला होता. आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली आणि आजोबांनी मांजराला शिव्या घातल्या. तेव्हा तुमच्या मित्राला जाणवला यात नवल नाही, त्या आवाजात जाणवला याचं आहे.

अवांतर: मोरचुदाची खळ आता कोण करतं? सगळे फेव्हिकॉलवर आलेत. ग्रंथालयातली बुरशी लागलेली पुस्तकं मी रोज बघतो. खळीनं चिकटवलेलं पुढे ओलं करून सुटं करता येतं, फेव्हिकॉलचं फाडावंच लागतं. असा माणूस गेला की पेठेतलं एक कामच जातं.

पेठेतली पाहुणी

मी याच बॅचची. ग्रुपवर मी गप्प होते कारण मला माहीत होतं, आणि त्यानं शपथ घातली होती. आता तो नाही, वहिनींशी सकाळी बोलून घेतलंय. त्या म्हणाल्या, लिही.

माझे वडील दोन वर्षं डायलिसिसवर होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुसरी शिफ्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये एक दिवस बाबांना आत सोडलं आणि शेजारच्या खुर्चीत हा. आधी ओळखलंच नाही. त्यानं ओळखलं. म्हणाला, "तू सहामाहीला माझा कंपास नेला होतास."

तर शनिवारी सत्यनारायण नव्हता. शनिवारी चार तास तो मशीनला लावलेला असायचा आणि नंतर घरी जाऊन संध्याकाळपर्यंत पडून. ते ग्रुपवरचं त्यानं मला तिथेच वाचून दाखवलं होतं. मला राग आला, त्याला हसू. मी म्हटलं, सांगून टाक ना. तर म्हणाला, "सांगितलं की उद्यापासून गुड मॉर्निंगच्या जागी गेट वेल सून येईल. रोज चाळीस. मी फोन चार्ज करू की रक्त साफ करू?" ग्रुप का सोडला, हे मी विचारलं नाही. रुसून सोडला असंही म्हणवत नाही आणि नाही असंही नाही. थोडं लागलं असणार.

त्याच्या डाव्या हाताला फिस्टुला होती, म्हणजे ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडलेली. दोन्ही सुया तिथेच टोचतात. एकदा म्हणाला, हात लाव, आत भुंगा आहे. मनगटाच्या वर बोट ठेवलं. खरंच गुरगुरत होतं कातडीखाली, फोन व्हायब्रेटवर असल्यासारखं. मी हात काढून घेतला. तो म्हणाला, "हे थांबलं तर काळजी. हलतंय तोवर बरं."

त्या हातानं ओझं उचलायचं नाही, बीपीसुद्धा त्या हातावर घ्यायचं नाही. म्हणून शिकंजा, म्हणजे पुस्तकं दाबायचा प्रेस, एका हातानं फिरवायचा. पाणी दिवसाला मोजून, लिटरभरसुद्धा नाही. शहाळं बंद, केळं बंद. हा रोज एक खडीसाखर तोंडात धरून खळ ढवळायचा.

आणि ते युनिट! तिथे प्रत्येक पेशंटला आधीचं वजन, नंतरचं वजन आणि बीपी लिहून ठेवावं लागतं. लोक कॅलेंडरच्या पाठीवर, औषधाच्या खोक्यावर लिहायचे. यानं प्रत्येकाला एक छोटी वही शिवून दिली, खिशात मावेल अशी, पाठीला कापड, वर अबरी, रकाने हातानं आखलेले. माझ्या बाबांची वही माझ्याकडे आहे. शेवटचं पान अर्धं भरलंय. बाबा गेल्यावर मी तिकडे जाणं थांबवलं, आणि खरं सांगायचं तर त्याला फोन करणंही. तेव्हा तिसऱ्या, तू एकटा नाहीस.

मंगळवारी पहाटे गेला. निघायची तयारी करत होता. वहिनी डबा भरत होत्या.

बाकावरचा तिसरा

वाचलं. दोनदा वाचलं.

मी ओ पॉझिटिव्ह आहे. त्याला किडनी मिळू शकली असती का? कुणी सांगेल का? आम्ही चाळीस जण होतो.

डॉ. खिचडी

नेफ्रॉलॉजिस्ट नाही, साधा फिजिशियन आहे. तरी लिहितो, कारण हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देणार नाही.

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चाच, तुमच्या दहावीच्या वर्षातला. आईवडील, मुलं, भावंडं, नवराबायको ही जवळची नाती. आजीआजोबा आणि नातवंडं नंतरच्या दुरुस्तीत आली. मित्राला देता येत नाही असं नाही, पण त्यासाठी प्राधिकरण समितीपुढे जावं लागतं. हे प्रेमापोटी आहे, पैशापोटी नाही, याची त्यांना खात्री पटावी लागते. त्याआधी तुमच्या स्वतःच्या तपासण्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्यातल्या निम्म्यांना बीपी किंवा साखर निघते आणि तिथेच नाव कटतं. त्यामुळे "चाळीस जण" हे गणित मांडू नका, ते तसं सुटत नाही.

दुसरं, मंगळवारचं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असलेल्यांना एकदा दोन दिवसांचा खंड पडतो. मंगळ-गुरू-शनिवाल्यांना तो शनिवार ते मंगळवार. पाणी आणि पोटॅशियम साठतं, हृदयावर ताण येतो. त्या लांब खंडाच्या शेवटी मृत्यूचं प्रमाण जास्त असतं हे नीट अभ्यासलेलं आहे. कुणी काही चुकलं असेलच असं नाही.

तिसरं सगळ्यांसाठी. किडनी बरीचशी निकामी होईपर्यंत बोलत नाही. बीपी असेल, शुगर असेल, तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. स्वस्तातल्या तपासण्या आहेत.

पेठेतली पाहुणी

डॉक्टर, त्याचं बीपीच होतं. पस्तिशीत कधीतरी मोजलं होतं, जास्त निघालं, गोळ्या दोन महिने घेतल्या आणि बरं वाटतंय म्हणून सोडल्या.

तिसऱ्या, वहिनींचा रक्तगट जुळत नव्हता, बहिणीला मधुमेह. पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव होतं त्याचं. तो म्हणायचा, "यादीत नंबर कितवा ते विचारत नाही, हजेरीचा नंबर सांगितल्यासारखं वाटतं."

पुलापलीकडचा

हे सगळं ठीक आहे, पण ज्यानं स्वतःहून सांगितलं नाही त्याच्यासाठी आता अख्ख्या वर्गानं छाती बडवायची गरज काय? सांगणं हीसुद्धा त्या माणसाची जबाबदारी नाही का? कडू लिहितोय, पण माझ्या भावानं असंच लपवलं आणि नंतर सगळ्यांच्या डोक्यावर ओझं टाकून गेला.

आठवी ब

पुलापलीकडचे, छाती कुणी बडवत नाहीये. आठवणी काढतोय. पण भावाचं वाचून वाईट वाटलं.

पुलापलीकडचा

खरंय. प्रतिसाद काढून टाकायचा विचार होता, राहू देतो.

बाकावरचा तिसरा

राहू द्या. मलाही दोन दिवस तोच राग येतोय, अधूनमधून.

आज दुकानावर जाऊन आलो. वहिनी आणि त्यांचा मुलगा होता, शटर अर्धं वर. मुलगा बारावीला आहे. गाल नाहीत. ओट्यावर खळीचं पातेलं होतं, तळाशी वाळून भेगा पडलेली. मुलगा ते घासायला घेत होता, वहिनी म्हणाल्या राहू दे आज. सत्यनारायणाचं मी त्यांना सांगितलं, आधीच सांगून टाकावं म्हणून. त्या म्हणाल्या, "माहितीय. घरी तुमचं नावच पडलंय सत्यनारायण." मग चहा झाला.

रेघ तशीच आहे. आता माझ्या खांद्याला लागते. मी आठवणीत डोक्यावर लिहिली होती, ती माझी उंची होती.

आता कामाचं, आणि हे लिहायलाच मुख्यतः आलोय. दुकानात लोकांची कामं पडून आहेत. काही पूर्ण, काही नुसती शिवून ठेवलेली. प्रत्येकात त्याच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, पण खळ्या नावं आणि फोन लिहायचा नाही, चेहऱ्यावरून लक्षात ठेवायचा. चिठ्ठ्या अशा: "डेक्कनचे काका, घाई नाही". "लाल स्कूटी, आजीची ज्ञानेश्वरी". "चष्मेवाले सर, जर्नल, पैसे घेऊ नये". "गुरुवारी आलेल्या बाई, दोन खंड, हिरवं कापड नको म्हणाल्या". एकावर नुसतं "भांडखोर". अशी एकूण एकोणीस पुस्तकं आहेत. ज्यांची असतील त्यांनी या शनिवारी सकाळी दहा ते एक येऊन न्यावीत, मी तिथे बसणार आहे. शिवून झालेली पण पुठ्ठा न लागलेली पाच आहेत. ती तशीच न्यायची की दुसऱ्याकडे द्यायची, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मुलगा म्हणतोय त्याला पुठ्ठा लावता येतो, पण बारावी आहे, वहिनींना ते नकोय.

धागा वर राहावा म्हणून कृपया प्रतिसाद देत राहा.

तळ्यात मळ्यात

वर काढतेय. आणि हो, फोन लावला होता. आमचा तो खरंच रुसलेला निघाला. तासभर ऐकून घेतलं.

लोखंडी कपाट

पुठ्ठा न लागलेली पाच मी करून देईन, माझ्याकडे शिकंजा आहे. खळ मात्र त्या मुलाला करू द्या, पंधरा मिनिटांचं काम आहे, बारावी बुडत नाही. मोरचूद मी आणतो.

राजाराम पूल

मी इथे फक्त वाचायला येते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लाल स्कूटी माझी आहे. ज्ञानेश्वरी ऑक्टोबरात दिली होती. शनिवारी येते. "भांडखोर" बहुतेक माझे सासरे असावेत, त्यांनाही घेऊन येते.